मुरुमांच्या खड्ड्यांवरची सुई

चेहऱ्यावरचा मुरूम काही दिवसांत बसतो, पण त्याची सूज खोलवर गेली असेल तर त्वचेच्या आतल्या थराला आधार देणारे कोलॅजन हे प्रथिन नष्ट होते आणि तिथे खड्डा राहतो. हा खड्डा मलमाने भरत नाही, कारण वरून लावलेले औषध तेवढ्या खोल जाऊन नवे कोलॅजन घडवू शकत नाही. बारीक सुयांनी त्वचेला मुद्दाम असंख्य छिद्रे पाडायची आणि ती बुजवताना शरीराला नवे कोलॅजन विणायला लावायचे, या उपचाराला मायक्रोनीडलिंग म्हणतात.

अनेक सुया एकत्र बांधून चेहऱ्यावर टोचण्याची कल्पना मात्र जुनी आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदग्रंथात सूत्रस्थानाच्या शस्त्रविधीत ‘कूर्च’ नावाचे शस्त्र आहे: एका गोल बैठकीवर घट्ट बसवलेल्या सात-आठ सुया. वांग, नीलिका (काळे-निळे डाग) आणि केस गळणे यांवर त्याने टोचावे, असे तिथे सांगितले आहे. मुरुमांना सुश्रुताने मुखदूषिका म्हटले आणि त्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केली, पण त्यांच्या खड्ड्यांसाठी कूर्च सांगितलेला नाही. आज या उपचारात वापरला जाणारा सुयांचा रोलर कूर्चापासून निघाला असे म्हणायला आधार नाही. हेतूही वेगळा होता.

आधुनिक धागा खरवडण्यापासून सुरू होतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एर्न्स्ट क्रोमायर यांनी 1905 च्या सुमारास फिरत्या यंत्राने व्रणांची त्वचा घासून काढायला सुरुवात केली. 1950 च्या दशकात अमेरिकेत तारेच्या ब्रशने हेच काम होऊ लागले. खड्ड्यांच्या कडा सपाट होत, पण वरचा थर पुरता निघून जाई. गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्याची किंमत जबर: जखम भरते आणि महिनोन्‌महिने काळा डाग मागे राहतो.

सुईचा शोध एका फसलेल्या बेतातून लागला. मॉन्ट्रियलचे शल्यचिकित्सक आंद्रे कॅमिरँड पांढुरके पडलेले व्रण झाकण्यासाठी त्यांत कातडीच्या रंगाचे गोंदण करून घेत. वर्ष-दोन वर्षांत भरलेला रंग उडून गेला, पण व्रण आधीपेक्षा सपाट झाले आणि त्यांत त्वचेचा स्वतःचा रंग परत आला. म्हणजे काम रंगाने केले नव्हते, टोचण्याने केले होते. मग त्यांनी गोंदणाचे यंत्र रंगाशिवायच चालवले आणि 1997 मध्ये जोसलिन डूसे यांच्यासह त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हातावर तुळस नि कपाळावर टिकली गोंदवून घेतलेल्या मराठवाड्यातल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटले असते. त्याच काळात केपटाऊनचे डेस्मंड फर्नांडिस सुरकुत्यांवर सुई वापरत होते; त्यांनी सुया बसवलेले फिरते नळकांडे वापरात आणले. त्यातूनच डर्मारोलरचा प्रसार झाला.

व्रणांसाठीच्या नेहमीच्या रोलरवर 192 सुया असतात आणि त्यांची लांबी साधारण 1.5 मिलिमीटर असते. आधी पाऊण ते एक तास बधिर करणारे मलम लावून ठेवतात. नंतर कातडी ताणून धरून रोलर उभा, आडवा आणि दोन्ही तिरप्या दिशांनी फिरवतात. रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे बारीक थेंब सगळीकडे सारखे दिसू लागले की थांबतात. वरची त्वचा जवळपास शाबूत राहते आणि छिद्रे लवकर मिटतात. आत बिंबाणू वाढीचे घटक सोडतात, कोलॅजन तयार होते, पण ते पक्के व्हायला महिने लागतात. म्हणून बैठका चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, तीन-चार किंवा अधिक ठेवतात. पंधरवड्यात आरशापुढे उभे राहून निकाल शोधण्यात अर्थ नाही.

भारतात 2009 मध्ये श्रीनगरच्या इम्रान माजिद यांनी आपले निष्कर्ष छापले. उपचार पूर्ण केलेल्या 36 रुग्णांपैकी 34 जणांच्या व्रणांची तीव्रता एक किंवा दोन पायऱ्यांनी उतरली. हा अभ्यास लहान होता, पण आपल्या वर्णाच्या त्वचेवरचा होता.

सगळे खड्डे मात्र सारखे नसतात. 2001 मध्ये त्यांचे तीन प्रकार रूढ झाले: टोच्याने भोसकल्यासारखे अरुंद-खोल, उभ्या कडांचे चौकोनी आणि लाटेसारखे उथळ. सुईला सर्वांत चांगली दाद उथळ खड्डे देतात, अरुंद-खोल खड्डे जवळपास दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी कोरियातल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये तीव्र ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाचा ठिपका थेट खड्ड्याच्या तळाशी लावण्याची रीत मांडली. तळाशी तंतूंनी खाली ओढून धरलेल्या खड्ड्यांत सुई आडवी घालून ते तंतू कापतात. ही सबसिजनची पद्धत ऑरेंट्राइख पितापुत्रांनी 1995 मध्ये नोंदवली. रुग्णाच्याच रक्तातून काढलेला पीआरपी (बिंबाणूंनी समृद्ध रक्तद्रव) सुयांच्या जोडीला सर्रास वापरला जातो. त्याने काही फायदा होतो असे अभ्यास सांगतात, पण त्याची जाहिरात पुराव्याच्या बरीच पुढे धावते.

उपचारानंतरची काळजीही तेवढीच महत्त्वाची. मराठवाड्यातल्या परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि शेतात, रस्त्यावर ऊन चुकत नाही. टोचलेल्या चेहऱ्यावर ऊन बसले तर खड्डा उथळ होऊनही डाग पडतो. त्यामुळे बैठका थंडीत घेणे आणि सनस्क्रीन, रुमाल, छत्री न सोडणे शहाणपणाचे. चालू मुरुमांवर रोलर फिरवल्यास संसर्ग पसरतो. ज्यांच्या जखमा गाठीसारख्या फुगतात त्यांनी तो टाळावा. टोचलेल्या त्वचेवर चेहऱ्याची साधी सीरम चोळू नयेत: 2014 मध्ये अमेरिकेत अशा वापरानंतर त्वचेत गाठी आल्याची प्रकरणे नोंदली गेली. ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती रोलरच्या सुया बहुधा अर्धा मिलिमीटरपेक्षाही लहान असतात; त्या खड्ड्याच्या तळापर्यंत पोचतच नाहीत. सल्ल्यासाठी पाहायचे तर परभणीत 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. रोलर मागवण्याआधी मुरूम थांबवा आणि आपले खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून घ्या.