पाहुणा आला कुठून? एका कोऱ्या रकान्याचा इतिहास

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'यापूर्वीची शाळा' असा एक रकाना असतो. तो कोरा असेल तर काय समजायचे? मूल पहिलीतच दाखल झाले असेल, ऊसतोडीहून परतलेल्या पालकांजवळ दाखला नसेल, किंवा लिहिणाऱ्याने रकाना भरलाच नसेल. कोरेपणा एकच, कारणे निराळी. वेबसाइटवर येणाऱ्यांच्या नोंदींतही असेच घडते.

वेबच्या बाल्यावस्थेत, १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात, फिलिप हॅलम-बेकर यांनी एक सोय सुचवली. एका पानावरील दुव्यावरून आपण दुसऱ्या पानावर जातो तेव्हा ब्राउझरने आधीच्या पानाचा पत्ताही कळवावा. या नोंदीचे नाव 'रेफरर'. इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' गळला. मे १९९६ मध्ये एचटीटीपीचे नियम 'आरएफसी १९४५' म्हणून प्रसिद्ध झाले, तेव्हाही ती चूक तशीच राहिली. संगणक आजही तेच स्पेलिंग वापरतात.

मात्र त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी होत्या. पत्ता हाताने टाइप केला असेल तर ही नोंद पाठवायची नाही. शिवाय ती पाठवावी की नाही हे ठरवण्याची मुभा वाचकाला असावी, अशी जोरदार शिफारस होती. कारण आपण आधी कोणते पान वाचत होतो, ही खाजगी बाब असू शकते. एखाद्या आजाराची माहिती वाचणाऱ्याला हे सहज पटेल. म्हणजे कोरा रकाना हा नेहमीच बिघाड नसतो. त्याची जागा नियमातच राखून ठेवलेली होती.

जून १९९९ च्या नियमांनी सांगितले की सुरक्षित (एचटीटीपीएस) पानावरून साध्या पानावर जाताना ही नोंद पाठवू नये. याचा प्रत्यय २०१५ मध्ये आला. विकिपीडियाच्या सर्व आवृत्त्या, मराठीसुद्धा, सुरक्षित जोडणीवर गेल्या. तेथून साध्या वेबसाइटवर पोचलेला वाचक जणू आकाशातून पडल्यासारखा दिसू लागला! २०१६ मध्ये विकिपीडियाने धोरण बदलून निदान आपले नाव तेवढे कळवायला सुरुवात केली. २०२० मध्ये क्रोमनेही हीच मर्यादा घातली: दुसऱ्या वेबसाइटला पूर्ण पत्ता नाही, फक्त मूळ वेबसाइटचे नाव.

जाहिरातीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने यावर तोड काढली. दुव्याच्या शेवटी खुणेची शेपटी जोडायची. 'यूटीएम' ही खूण 'अर्चिन' या कंपनीची. ती कंपनी २००५ मध्ये गूगलने घेतली. पण पत्ता मध्येच दुसरीकडे वळवला गेला की शेपटी गळू शकते. परतून येणारा वाचक ओळखण्यासाठी कुकी असते. २०१९ पासून सफारी ब्राउझर अशा अनेक कुकी सात दिवसांत पुसतो. आठव्या दिवशी आलेला जुना पाहुणा मग नवाच ठरतो.

आता समजा, बीड जिल्ह्यातील चकलांब्याच्या एका रोपवाटिकेने वेबसाइट काढून जाहिरात दिली. कोणी जाहिरात पाहून वेबसाइटचा पत्ता, शेपटी वगळून, व्हॉट्सॲपवर भावकीला पाठवला. तेथून आलेल्यांची नोंद बहुधा 'थेट' या सदरात पडेल. पान उघडताना नेटवर्क गेले आणि मोजणीची स्क्रिप्ट पोचलीच नाही, तर भेटीचीही नोंद होणार नाही. मालक म्हणेल, 'जाहिरातीने कोणी येत नाही', आणि चालती जाहिरात बंद करील. व्हॉट्सॲपसारख्या खाजगी वाटांनी होणाऱ्या या अदृश्य ये-जा करण्याला २०१२ मध्ये ॲलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने 'डार्क सोशल' असे नाव दिले.

खरी गफलत रकाना कोरा असण्यात नाही. 'माहीत नाही' याचा अर्थ 'थेट आला' असा लावण्यात आहे. मालकाने आलेल्या गिऱ्हाइकाला 'आमच्याबद्दल कुठे कळले?' एवढे विचारले तरी बरीच उत्तरे मिळतील. आणि ज्याला सांगायचे नाही, त्याचे मौनही नियमाला धरूनच आहे. वर्गात एखादा तक्ता शिकवताना विद्यार्थ्यांना जरूर विचारा: शून्य आणि रिकामी जागा यांत फरक काय?