हृदयाच्या पेशीतले कॅल्शियमचे दरवाजे आणि मायक्रोआरएनए

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा, तेलंगणाला लागून असलेला तालुका. इथल्या माणसाला हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टीसाठी नागपूरला न्यायचं ठरलं, तर काही तास रस्त्यातच जातात. तेवढा वेळ हृदयाच्या एका भागाला रक्त मिळत नाही आणि तिथल्या पेशींमध्ये कॅल्शियम साचत जातं. विचित्र भाग पुढे आहे. गुठळी निघून रक्त पुन्हा वाहू लागलं की तोवर तग धरून असलेल्या काही पेशी नेमक्या त्याच वेळी मरतात. डॉक्टर याला ‘रिपरफ्युजन इंज्युरी’ म्हणतात. म्हणून रक्त सुरू करायचं नाही असं अजिबात नाही, ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. पण या पेशी का मरतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी मायटोकॉन्ड्रियात सापडतं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली वीजघरं. हृदय क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे त्याच्या स्नायूपेशीचा साधारण एक तृतीयांश भाग यांनीच व्यापलेला असतो. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. त्यातलं थोडं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात शिरतं आणि ऊर्जा बनवण्याचा वेग वाढवतं. जिना चढताना हृदयाला जास्त ऊर्जा लागते, तेव्हा हीच सोय कामी येते. मात्र कॅल्शियम प्रमाणाबाहेर आत गेलं तर मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात छिद्रं उघडतात, वीजघर बंद पडतं आणि पेशी मरते.

कॅल्शियम आत जातं ते एमसीयू नावाच्या प्रथिनातून. असा काही मार्ग असणार हे १९६० च्या दशकापासून माहीत होतं, पण त्याचं जनुक सापडायला २०११ साल उजाडलं. वंशी मूठा आणि इटलीचे रोझारियो रिझुटो यांच्या दोन वेगळ्या गटांनी ते एकाच वेळी शोधलं. दारावरचा पहारेकरी, म्हणजे एमआयसीयू-१ हे प्रथिन, त्याच्या एक वर्ष आधीच मूठांच्या प्रयोगशाळेला सापडला होता.

आता मायक्रोआरएनए. ही जेमतेम २२ अक्षरांची आरएनएची चिठ्ठी. प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन निघालेल्या लांब आरएनएला ती चिकटते आणि तो निरोप दाबून टाकते. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत तिचा छडा लावला आणि २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हृदयात भरपूर आढळणारी मायक्रोआरएनए-१ ही एमसीयूचा निरोप दाबते, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. हृदय जाड होऊ लागलं, मग ते व्यायामामुळे असो वा दाब वाढल्यामुळे, की ही चिठ्ठी कमी होते आणि एमसीयूचे दरवाजे वाढतात. मायक्रोआरएनए-२५ सुद्धा एमसीयू कमी करते. मायक्रोआरएनए-१८१सी मात्र दाराला हात लावत नाही, ती पहारेकऱ्याला कमी करते. त्यामुळे कॅल्शियम जास्त आत शिरतं.

मग २५ क्रमांकाची चिठ्ठी वाढवली की काम झालं? इथेच घोळ आहे. तीच चिठ्ठी कॅल्शियम परत साठवणाऱ्या दुसऱ्या एका पंपालाही दाबते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदय निकामी होत असलेल्या उंदरांमध्ये ती रोखली, तर हृदय सुधारलं. त्याच्या एक वर्ष आधी नेदरलँड्सच्या गटाने तीच रोखली होती, तेव्हा उंदरांचं हृदय बिघडलं होतं. एक चिठ्ठी अनेक निरोप दाबते, त्यामुळे ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा शिक्का तिच्यावर मारता येत नाही.

दरवाजेच काढून टाकायचा प्रयोगही झाला आहे. २०१५ मध्ये प्रौढ उंदरांच्या हृदयातून एमसीयू हटवला. रक्त परत सुरू झाल्यावर होणारं नुकसान घटलं, पण अचानक ताण आला तेव्हा त्या हृदयाला जोर वाढवणं जमेना.

शिवाय मायक्रोआरएनए असलेले दरवाजे बंद करत नाही, फक्त नवे बनणं कमी करते. जुने झिजून जाईपर्यंत वेळ जातो. म्हणजे झरीहून निघालेल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये असं इंजेक्शन दिलं, तरी नागपूर येईपर्यंत त्याचा फारसा उपयोग होण्याची आशा धरता येणार नाही. मायक्रोआरएनएवर आधारलेलं हृदयाचं मान्यताप्राप्त औषध आज उपलब्धही नाही. त्या रस्त्यावर खरा फरक पडतो तो छातीत दुखू लागताच १०८ ला फोन केल्याने, जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढल्याने आणि डॉक्टरांनी योग्य ठरवलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळाल्याने.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘दूध कमी करा, हृदयात कॅल्शियम साचतं’ या सल्ल्याचा या दरवाजांशी संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर संप्रेरकांच्या मदतीने ठरावीक मर्यादेत राखतं. मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून किती आत जायचं, हे पेशीच्या आतच ठरतं.