आपला ठेका कुणाच्या मालकीचा? डफड्यापासून ड्रम सॉफ्टवेअरपर्यंत

१४ एप्रिल जवळ आला की भंडारा जिल्ह्यातल्या वस्त्यांतून नवी भीमगीतं तयार होऊ लागतात. लिहिणारे आहेत, चाल लावणारे आहेत, गळेही आहेत. गाडी अडते ती ठेक्यापाशी. ढोलकीवाला, स्टुडिओ आणि त्याचं तासावर मोजलेलं भाडं हे सगळं साध्या डेमोसाठी परवडत नाही. मग पोरं घरच्या लॅपटॉपवर वाजणारं ड्रम सॉफ्टवेअर शोधतात आणि पहिला प्रश्न विचारतात, स्वस्तात कोणतं मिळेल? प्रश्न रास्त आहे. पण आमचं म्हणणं असं की तो अर्धा आहे. ठेका आपल्या हातात राहील का, हा उरलेला अर्धा प्रश्न आपला इतिहास विचारतो.

गावगाड्यात वाद्य वाजवणं ही आपल्या लोकांची कला म्हणून कधी मोजलीच गेली नाही. ते काम होतं, आणि जातीनं लादलेलं काम होतं. या भागात गावचा कोतवाल बहुधा महार असायचा. सरकारी निरोप गावाला ओरडून सांगायचे ते त्यानंच. लग्नाला, जत्रेला, मयताला वाजवायचं ते अस्पृश्यांनी. वाद्याचा आवाज देवळात पोहोचायचा, वाजवणारा मात्र बाहेर उभा. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा मेलेली ढोरं ओढण्याबरोबर हे सक्तीचं वाजवणंही अनेकांनी टाकून दिलं. तो स्वाभिमानाचा निर्णय होता.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. १९३१ च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली आणि आशय बदलला. पुढे वामनदादा कर्डकांनी हीच परंपरा गावोगाव नेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेब पोहोचले ते या ठेक्यावर. वाद्याची जात कोणती, हा मुद्दा उरला नाही. ते कुणाच्या हुकमानं वाजतं, हा मुद्दा झाला.

बाबासाहेबांनी साधनांच्या मालकीचं महत्त्व फार आधी ओळखलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ आली, स्वतःचा छापखाना आला. शब्दांचा छापखाना असा आपला झाला. आवाजाचा मात्र व्हायला वेळ लागला. ग्रामोफोनच्या काळात रेकॉर्ड निघायची ती कंपनीच्या मर्जीनं. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतं चहाच्या टपरीपर्यंत गेली. तरीही स्टुडिओ दुसऱ्याचा, मास्टर कॉपी दुसऱ्याची, आणि गायकाच्या हातात बिदागी.

त्याच सुमारास अमेरिकेत काय घडलं ते पाहा. १९८० साली खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं लिन एलएम-१ हे यंत्र आलं, किंमत जवळपास ५,००० डॉलर. त्याच वर्षी रोलंड टीआर-८०८ आलं. ते पुष्कळ स्वस्त होतं, पण त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. सुमारे १२,००० नग निघाल्यावर १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं. जुनी यंत्रं कमी भावात विकली जाऊ लागली आणि ती कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती पडली. न्यूयॉर्कच्या हिपहॉपनं आणि डेट्रॉइटच्या टेक्नोनं जगाचा ठेका बदलला तो अशा यंत्रांवर. ज्यांनी १९७२ मध्ये दलित पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या वारसांना हा धडा वेगळा समजावून सांगायला नको.

आता निवडीकडे येऊ. महागडी ड्रम सॉफ्टवेअरं शंभर-दोनशे डॉलरच्या घरात जातात. आवाज झकास असतो, पण तो विलायती ड्रमसेटचा. चोरीची प्रत उतरवून घेणं म्हणजे लॅपटॉपमध्ये व्हायरसला बोलावणं. एमटी पॉवर ड्रमकिट फुकट आहे, रॉक ढंगाच्या गाण्याला चालेल. मात्र ते रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालतं आणि त्यातले आवाज ठरलेले आहेत. मोबाइलवरच काम करायचं असेल तर बँडलॅब फुकट आहे.

आमची शिफारस मात्र हायड्रोजनची. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि त्यात आपले स्वतःचे आवाज भरता येतात. मोबाइलवर शांत खोलीत डफड्याचा, ढोलकीचा एकेक ठोका रेकॉर्ड करा. थापेचा वेगळा, काडीचा वेगळा, हळू आणि जोरात असे दोन्ही. फुकटच्या ऑडॅसिटीत ते कापून डब्ल्यूएव्ही फाइल करा आणि हायड्रोजनमध्ये एकेका वाद्याच्या जागी बसवा. केहरव्याच्या आठ मात्रांना सोळा घरांचा नेहमीचा पॅटर्न पुरतो. दादऱ्याला सहा मात्रा, म्हणून पॅटर्नची लांबी बारा घरांची करा. हे न केल्यानंच अनेक डेमोंत दादऱ्याची चाल ओढूनताणून चारच्या हिशेबात कोंबलेली ऐकू येते.

काही कार्यकर्ते विचारतील, जे डफडं बापजाद्यांनी टाकलं ते लॅपटॉपमध्ये कशाला आणता? आमचं उत्तर असं : त्यांनी सक्ती टाकली, नाद टाकला नाही. तसं असतं तर जलशात ढोलकी राहिलीच नसती. आणि ज्या ढोलकीवाल्याचे ठोके तुम्ही घ्याल त्याचं नाव गाण्यावर द्या, मानधन द्या. नाहीतर फुकटच्या सॉफ्टवेअरवर आपण पुन्हा वेठच चालवू.

खैरलांजी आपल्याच मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातल्या चौघांचा खून झाला आणि मोठ्या माध्यमांना त्याची नीट दखल घ्यायला कित्येक आठवडे लागले. वस्त्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा देशाला ऐकू गेलं. अन्यायाची बातमी दुसऱ्याच्या सवडीनं पोहोचते, हे आपल्याला पुरेपूर माहीत आहे. आपलं गाणं तरी स्टुडिओच्या तारखेची वाट पाहत थांबू नये. लॅपटॉप वस्तीत आहे, आवाज वस्तीत आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. या जयंतीच्या आधी प्रत्येक गावानं आपल्या ठेक्याचा एक संच तयार करावा आणि शेजारच्या गावाला द्यावा.

जयभीम.