देवदूत, मानव आणि निर्मितीची सीमारेषा

आत्मा जन्मापूर्वी अस्तित्वात असतो काय, हा प्रश्न मंडळीस नवा नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेनने आत्म्यांच्या पूर्वास्तित्वाचे प्रतिपादन केले. सम्राट जस्टिनियनने ५४३ साली ते मत निषिद्ध ठरविले. तथापि ओरिगेनच्या मते ते आत्मे देवानेच निर्मिले होते.

अमेरिकेत मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्यापुढे गेला. मनुष्याची मूळ प्रज्ञा अनिर्मित आहे, असे त्याने १८३३ साली जाहीर केले. मीखाएल म्हणजे आदाम व गब्रिएल म्हणजे नोहा, अशीही त्याची शिकवण होती. अर्थात देवदूत व मानव एकाच जातीचे ठरले. उलट, दोघेही शून्यातून निर्मिलेले, परंतु परस्परांहून भिन्न होत, असे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितले होते.

यिर्मया १:५ मध्ये मॉर्मनांस संदेष्ट्याचे पूर्वजीवन दिसते. आम्हांस देवाचे पूर्वज्ञान दिसते.

ही सीमारेषा आपल्याही बोलण्यात नकळत पुसली जाते. शोकाकुल आईबापांस ‘तुमचे लेकरू देवदूत झाले’ असे आपण सहज म्हणतो. परंतु प्रभूने देवदूताचा नव्हे, मानवाचा देह धारण केला. त्या लेकराची आशा मानव म्हणूनच पुन्हा उठण्याची आहे.