ब्लॉक पद्धती
(कालवा सिंचन). दख्खनच्या कालव्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेली पाणीवाटपाची करारपद्धती. नीरा डावा कालवा हे तिचे प्रमुख क्षेत्र होय. १८७६–७८ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हाती घेतलेला हा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. बारामती, इंदापूर इ. अवर्षणप्रवण भागांतील ज्वारी-बाजरीचे संरक्षण हा त्याचा मूळ हेतू. परंतु शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा होता. पाऊस बरा झाला, तर जिरायत पिकास कालव्याची गरज भासत नसे व भरलेली पाणीपट्टी वाया जाई. म्हणून आगाऊ अर्ज करण्यास फारसे कोणी धजत नसे. पावसाने ओढ दिली, की सर्वांची मागणी एकदमच येई आणि कालवा अपुरा पडे. गरज नसताना मुबलक व गरजेच्या वेळी बेभरवशाचे, अशा पाण्याला शेतकरी मोल देईना. यास त्याची अनास्था म्हणणे न्याय्य नव्हे.

उसाचे गणित निराळे. १२ ते १८ महिने शेतात उभ्या राहणाऱ्या या पिकास उन्हाळ्यातील एखादी पाळी चुकली, तरी फटका बसतो. त्यामुळे खात्रीच्या पाण्यासाठी बागायतदार चढी पट्टीही देत. परिणामी दुष्काळनिवारणाचा कालवा कालांतराने उसाचा कालवा बनला आणि पाणी वरच्या थोड्या गावांत एकवटू लागले.

मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांनी यावर ब्लॉक पद्धती सुचविली. कालव्याखालील निवडक जमिनींचे गट पाडून त्यांना ठराविक वर्षांच्या कराराने पाणी द्यावयाचे; मात्र गटाचा सु. एक-तृतीयांश भागच उसाखाली ठेवून उरलेल्यात कमी पाण्याची हंगामी पिके फेरपालटाने घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. बागायतदारांनी प्रथम विरोध केला. पण पुढे अनेक वर्षांची हमी हेच तिचे आकर्षण ठरले.

या हमीचे मोल खंडाच्या व्यवहारात विशेष स्पष्ट दिसते. ऊस-लागवडीचा खर्च न झेपणारे मालक कालव्याखालील जमिनी खंडाने देत, व त्या घेणाऱ्यांत सासवडचे माळी अग्रेसर होते. मळेशेतीत मुरलेले हे लोक पाण्यामागोमाग आपले मूळ गाव सोडून नीरा व गोदावरी कालव्यांवर गेले. पुढे त्यांच्यापैकी काहींनी १९३२ मध्ये माळीनगर (जि. सोलापूर) येथे साखर कारखाना काढला.