पेशमर्गा नेमके कुणाचे?

'पेशवा' या शब्दातला 'पेश' म्हणजे पुढे. तोच 'पेश' कुर्द सैनिकाच्या नावात आहे. पेशमर्गा म्हणजे मरणाला सामोरा जाणारा. गंमत म्हणजे कुर्दांनाही एक पेशवा होता. जानेवारी १९४६ मध्ये इराणमधल्या महाबाद शहरात कुर्दांनी आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याचे अध्यक्ष काझी मुहम्मद यांना लोक 'पेशवा' म्हणत. वर्षभरही ते टिकलं नाही आणि मार्च १९४७ मध्ये काझींना फाशी झाली.

त्या प्रजासत्ताकाचे एक सेनानी होते इराकमधून आलेले मुस्तफा बारझानी. त्यांचा मुलगा मसूद महाबादमध्येच १६ ऑगस्ट १९४६ ला जन्मला. त्याच दिवशी वडिलांचा पक्ष, कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पार्टी, स्थापन झाला. पुढे मसूद बारझानी इराकी कुर्दिस्तानचे अध्यक्ष झाले. २००५ ते २०१७, तब्बल १२ वर्षं.

इतका त्याग केलेल्या माणसांचं सैन्य एक का होऊ शकलं नाही, हा प्रश्न मला या इतिहासात सगळ्यात जास्त छळतो.

उत्तराची सुरुवात १९७५ मध्ये आहे. इराण आणि इराकने अल्जियर्समध्ये करार केला, इराणची मदत थांबली आणि मुस्तफांचं बंड कोसळलं. त्याच वर्षी जलाल तालाबानींनी वेगळा पक्ष काढला. तेव्हापासून पेशमर्गाही दोन झाले. एकांची निष्ठा बारझानींना, दुसऱ्यांची तालाबानींना.

सद्दामचे अत्याचार दोघांनीही सोसले. १९८३ मध्ये बारझानी कुळातले सुमारे ८ हजार पुरुष आणि मुलगे उचलून नेले गेले, ते परतले नाहीत. १६ मार्च १९८८ ला हलब्जावर विषारी वायू सोडला गेला, हजारो माणसं मेली. १९९१ नंतर उत्तर इराकवर विमानबंदी लागू झाली आणि कुर्दांना स्वतःचा कारभार मिळाला. १९९२ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी जागा निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. दोनच वर्षांत ते एकमेकांवर गोळ्या झाडू लागले.

ऑगस्ट १९९६ मध्ये तर मसूद बारझानींनी तालाबानींना एर्बिलमधून हुसकावण्यासाठी चक्क सद्दामचं सैन्य बोलावलं. १९८३ साली ज्याने त्यांच्या कुळाचे पुरुष नेले, त्याचंच सैन्य. तालाबानींच्या पाठीशी तेव्हा इराण होता. १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये समेट झाला, पण दोन सैन्यं राहिलीच.

२००५ च्या इराकी राज्यघटनेने प्रांताला स्वतःचे रक्षक ठेवायची मुभा दिली. कागदावर पेशमर्गा मंत्रालयही आलं. तरी मोठी दलं पक्षांच्याच हातात होती: ७० क्रमांकाचं तालाबानींच्या पक्षाकडे, ८० क्रमांकाचं बारझानींच्या पक्षाकडे.

याची किंमत कोणी मोजली? ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिस सिंजारवर चालून आली. तिथले पेशमर्गा, बहुतेक बारझानींच्या पक्षाचे, मागे हटले. यझिदी पुरुषांची कत्तल झाली, हजारो बायका आणि मुली गुलाम केल्या गेल्या. पुढे याच पेशमर्गांनी आयसिसशी झुंजत जीव दिले, हेही तितकंच खरं.

मग २५ सप्टेंबर २०१७ चं सार्वमत. ९२ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. तीन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, इराकी फौजा तेलसंपन्न किर्कुकमध्ये शिरल्या. तालाबानींच्या पक्षातल्या एका गटाचे पेशमर्गा फारसं न लढता बाहेर पडले. बारझानींच्या बाजूने गद्दारीचा आरोप झाला. मसूद यांनी अध्यक्षपद सोडलं. आज त्यांचा मुलगा पंतप्रधान आहे आणि पुतण्या अध्यक्ष.

मला वाटतं, मसूद बारझानींची ताकद आणि दुबळेपणा एकाच जागी होता. माणसं त्यांच्या नावावर मरायला तयार होती, म्हणून लढा टिकला. आणि सैन्य त्यांच्या नावाचं होतं, म्हणून ते सगळ्यांचं होऊ शकलं नाही. दोन्ही दलं एका मंत्रालयाखाली आणायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. सिंजारच्या माणसांनी तर रक्षण करणारा कुठल्या पक्षाचा, हे कधी विचारलंच नव्हतं.