हौस कुणाची, उधळपट्टी कुणाची?

खर्च करण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा! हौस, मौज, चैन, ऐष, चंगळ, छानछोकी, थाटमाट, उधळपट्टी, खैरात, दौलतजादा... पैसे मात्र एकच, खिशातून जाणारे!

यातले बरेच शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि येताना अर्थ बदलून आले. अरबीत ‘ऐश’ म्हणजे जगणं. इजिप्तमध्ये तर रोटीलाच ‘ऐश’ म्हणतात. म्हणजे तिकडची भाकरी ही आमच्याकडची ऐष! ‘मौज’ म्हणजे मूळची लाट. ‘खैरात’ म्हणजे सत्कृत्य, दानधर्म. आपण मात्र ‘काय खैरात चालवलीय’ असं रागाने म्हणतो. हिंदीतलं ‘चैन’ म्हणजे मनाची शांती. तो अर्थ आपण ‘बेचैन’ या शब्दात जपून ठेवला, पण नुसत्या ‘चैन’ला पैशाचा वास लागला. ‘हवस’चा प्रवास उलटा झाला. तिकडे ती वासना, आणि आपल्याकडे तिचीच सोज्वळ ‘हौस’ झाली.

‘उधळणे’ हे क्रियापद तर मला फार आवडतं. जेजुरीला भंडारा उधळतो ती भक्ती. बैल उधळतो तेव्हा तो कासरा तोडून पळतो. उधळपट्टीत दोन्ही आहे, सांडणंही आणि आवरत नाही ते धावणंही.

पण खरी गंमत पुढेच आहे. ‘मी उधळपट्टी केली’ असं कुणी म्हणताना ऐकलंय? आपण करतो ती हौस. शेजारी करतो ती चैन. आणि ज्याच्याकडे पैसे नसावेत असं आपल्याला वाटतं त्याने केली की उधळपट्टी! शब्द खर्चावरून ठरत नाही, बोलणारा कोण आणि खर्च करणारा कोण यावरून ठरतो. एरवी ही नुसती भाषेची गंमत म्हणून सोडून दिली असती. पण आमच्याच भागात या एका शब्दाने हजारो माणसांवर ठपका ठेवला होता.

भिगवणहून बारामती ओलांडून पुढे गेलं की सुपे लागतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. त्या दिवशी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. ते हाती लागले तसे जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात जे आहेत ते हेच.

शेतकरी एवढा कर्जात बुडाला कसा? साहेबांकडे आणि शहरातल्या शिकलेल्या मंडळींकडे उत्तर तयार होतं. हे लोक लग्नकार्यात पैसा उधळतात! ऋण काढून सण करतात!

आता वस्तुस्थिती बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. त्यातच १८३६ साली इंदापूर तालुक्यात ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ मध्ये फेरआकारणी होऊन सारा वाढला. मग शेजारच्या तालुक्यांतही तेच झालं.

वर कायद्याची गंमत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू होता ऋणकोच्या संरक्षणाचा. सावकार मात्र दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शाळेतलं गणित करून पाहू. शंभर रुपये, दरसाल दर शेकडा पंचवीस व्याज धरू. तीन वर्षांनी १७५ चा रोखा. आणखी तीन वर्षांनी ३०६ रुपये ४ आणे. अंगठा उठवणाऱ्याने या सहा वर्षांत पुरणपोळीचं एक जेवणसुद्धा घातलेलं नसेल!

दंग्यांनंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्याही हे लक्षात आलं. लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशी कार्यं क्वचित येतात, आणि एवढी हौस माणसाने करावी यात वावगं काही नाही, हेही त्यांनी मानलं. पुढे १८७९ चा कायदा झाला आणि न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. महात्मा फुल्यांनीही १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या घरच्या लग्नाचं साधेपण दाखवून हा उधळेपणाचा आरोप खोडून काढला.

तरी तो शब्द मेला नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. भीमाकाठची गावं उठली, पळसदेवचं देऊळसुद्धा पाण्यात गेलं. ‘धरणग्रस्तांनी मोबदल्याचे पैसे उडवले’ असं म्हणणारे मला अजून भेटतात. पिढ्यान् पिढ्यांची काळी जमीन गेली, तिच्या बदल्यात हातात नोटा आल्या. त्यात जुनं देणं फेडायचं, डोक्यावर छप्पर घालायचं, पोरीचं लग्न करायचं. यात उडवलं ते काय?

आज जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला जातो, तेव्हा मीही नाक मुरडतो, नाही असं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मीही वर्गात शिकवलंच. पण ते अंथरूण आखूड कुणी केलं, हा प्रश्न त्या म्हणीत येत नाही. तो इतिहासाच्या तासाला विचारावा लागतो.

असो. तुमच्या घरात यातला कोणता शब्द कुणासाठी वापरतात, ते जरा कान देऊन ऐका. आणि जमलं तर मलाही कळवा.